सकाळ चियांग माईची, संध्याकाळ त्बिलिसीची

“महिन्याला किती लागतात?” लॅपटॉप घेऊन परदेशात राहणाऱ्या माणसाला लोक सगळ्यात आधी हेच विचारतात, आणि बऱ्याचदा तिथेच थांबतात. थायलंडमधलं चियांग माई आणि जॉर्जियातलं त्बिलिसी या दोन शहरांत मी आलटूनपालटून बराच मुक्काम केला आहे, त्यामुळे माझ्याकडून उत्तराची अपेक्षा जरा जास्तच असते. उत्तर मात्र फुसकं आहे: दोन्हीकडे जवळपास सारखेच. एक बाट तीन रुपयांच्या थोडा आत, एक लारी तीस रुपयांच्या थोडी वर. चियांग माईत घरभाडं कमी, फळं आणि बाहेरचं खाणं स्वस्त. त्बिलिसीत भाडं चढं, पण एका लारीत मेट्रो शहराच्या या टोकापासून त्या टोकाला नेऊन सोडते. वर्षभराचा हिशेब मांडला तर फरक एखाद्या विमानाच्या तिकिटाएवढा निघतो.

फरक खरा पडतो तो घड्याळामुळे. भारताची वेळ मध्ये धरली तर चियांग माई दीड तास पुढे आहे आणि त्बिलिसी दीड तास मागे. दोघांत तीन तासांचं अंतर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण माझं काम एका जर्मन कंपनीसाठी आहे: त्यांच्या सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहायच्या, सॉफ्टवेअर बदललं की पुस्तिका बदलायच्या, आणि बैठकांना चेहरा दाखवायचा. ती मंडळी नवाला बसतात आणि पाचाला उठतात. उन्हाळ्यात त्यांचे नऊ म्हणजे चियांग माईतले दुपारचे दोन आणि त्बिलिसीतले सकाळचे अकरा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोप आपली घड्याळं सरकवतो; थायलंड आणि जॉर्जिया त्या भानगडीत पडत नाहीत. म्हणून हिवाळ्यात चियांग माईत माझं काम दुपारी तीन ते रात्री अकरा चालतं, आणि त्बिलिसीत बारा ते आठ.

भाड्याच्या तक्त्यात ही गोष्ट कुठेच दिसत नाही, आणि बाकीचं सगळं तिच्यावर ठरतं. चियांग माईची सकाळ माझी होती, त्बिलिसीची संध्याकाळ.

आधी सकाळीबद्दल. चियांग माईचं जुनं शहर चौकोनी आहे. राजा मंगराईनं १२९६ मध्ये ते वसवलं, लान्ना राज्याची राजधानी म्हणून. तट आता दरवाज्यांपाशी आणि कोपऱ्यांत तेवढा शिल्लक आहे, पण चारी बाजूंचा खंदक अजून पाण्यानं भरलेला असतो. एक बाजू साधारण दीड किलोमीटरची. सहाच्या सुमारास त्या काठानं चालायला लागलं की अनवाणी भिक्खू भिक्षापात्र घेऊन समोरून येताना दिसतात. कुणी बाई चपला काढून गुडघ्यांवर बसलेली असते. पात्रात भाताची पुडी पडते, भिक्खू दोन ओळी पुटपुटतात आणि पुढे चालू लागतात. यात बघ्यांसाठी काही नसतं. रोजचं काम, रोजच्यासारखंच चाललेलं.

मंडईत मी ज्या बाईकडून नाश्ता घ्यायचे, तिचे हात बघत उभं राहणं हा माझा छंद होता. थायलंडमध्ये रस्सा, सूप, चटणी, सगळे पातळ पदार्थ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देतात. ती डावानं रस्सा ओतायची, पिशवीचं तोंड दोन बोटांत धरून एक झटका द्यायची, त्यासरशी आत हवा कोंडून पिशवी टम्म फुगायची, आणि त्याच झोकात रबरबँडचे तीन-चार वेढे पडलेले असायचे. शेवटचा वेढा ती अशा खुबीनं अडकवायची की घरी आल्यावर एका टोकाला ओढलं की सगळं सुटतं. हे टोक कुठलं, ते मला पुष्कळ दिवस सापडत नव्हतं आणि मी कात्री वापरत होते. शेवटी तिनंच एकदा, मागे रांग खोळंबलेली असताना, माझं बोट धरून ते टोक दाखवलं. तिला इंग्रजी येत नव्हतं, मला थाई आकड्यांपलीकडे फारसं येत नव्हतं, पण त्यानंतर ती मला बघून पिशवी हवेत नाचवून हसायची.

शाकाहारी माणसाची तिथे पंचाईत होते ती माशाच्या सॉसनं. तो दिसत नाही, पण सगळीकडे असतो. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधायचं. तिथे मांस, मासे, अंडी तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो. खाओ सोई हा इथला गाजलेला पदार्थ, नारळाच्या दुधातला झणझणीत रस्सा, त्यात शेवया आणि वर त्याच शेवया कुरकुरीत तळून टाकलेल्या. युन्नानहून खेचरांचे तांडे घेऊन येणाऱ्या मुसलमान व्यापाऱ्यांशी त्याचं नातं सांगतात, आणि बान हॉ मशिदीच्या गल्लीत त्याची जुनी दुकानं आहेत. पण बरीचशी दुपारी तीनच्या आसपास शटर ओढतात. ज्याला सकाळ मोकळी, त्यालाच ते सुख.

कॉफीचंही तसंच. निम्मान भागात पावलापावलावर कॉफीची दुकानं आहेत आणि त्यांत माझ्यासारखे लॅपटॉपवाले ठाण मांडून बसलेले असतात. तिथली कॉफी बहुतेक आसपासच्या डोंगरांतली. या डोंगरांत पूर्वी अफू पिकायची. १९६९ मध्ये राजा भूमिबल यांनी सुरू केलेल्या प्रकल्पातून डोंगरी जमातींना अफूऐवजी दुसरी पिकं दिली गेली. पीच, भाज्या, आणि कॉफी. कपात दुधाचं पान काढून देणारा मुलगा अनेकदा त्याच डोंगरातल्या गावचा असतो. लॅपटॉपवाल्यांना यातलं काही विचारायला सवड नसते. त्यांच्या गप्पांचे विषय तीन: व्हिसा, वायफाय आणि पुढचं शहर.

दोन वाजले की मी माझ्या खोलीत आणि मग रात्रीपर्यंत पडद्यासमोर. चियांग माईची संध्याकाळ मी खिडकीतूनच पाहिली असं म्हटलं तरी चालेल. डिसेंबरात पावणेसहाला सूर्य मावळतो, डोई सुथेप डोंगराच्या मागे, आणि तेव्हा माझी दिवसातली महत्त्वाची बैठक ऐन रंगात आलेली असायची. कुणी जेवायला बोलावलं तर नाही म्हणायचं. पुन्हा बोलावलं तर पुन्हा नाही. तिसऱ्यांदा कुणी बोलावत नाही, आणि त्यात त्यांची चूक काय?

सकाळच्या वेळी शहर कामाला लागलेलं असतं. भाजीवाली, लाल सोंगथ्यूचा (सामायिक टॅक्सीचा) चालक, देवळाचं अंगण झाडणारा, सगळे ओळखीचे होतात. हात हलवतात, हसतात. पण सकाळी कुणी कुणाला घरी बोलावत नाही. कुणी आपल्या बहिणीच्या लग्नाची रडकथा सकाळी सात वाजता सांगत नाही. माझ्या ओळखी चिक्कार होत्या आणि मैत्री जवळजवळ शून्य. शांत, निरोगी, वेळेवर झोपणारं असं ते आयुष्य होतं. मला ते आवडायचं, हेही सांगून टाकते. सगळ्यांनाच माणसं लागतात असं नाही, आणि सतत तर मलाही लागत नाहीत.

रविवार मात्र माझा असे. थाफे दरवाज्यापासून राचादामनोएन रस्त्यावर संध्याकाळी बाजार भरतो, गर्दी इतकी की पाय सरकवत चालावं लागतं. सहा वाजता लाउडस्पीकरवर राष्ट्रगीत सुरू होतं आणि अख्खा रस्ता थांबतो. तव्यावरचं ऑम्लेट उलटणारी बाई उलथनं हातात धरून स्थिर. पैसे मोजणाऱ्याची बोटं नोटांवर तशीच. नवखे परदेशी चार पावलं पुढे जातात, मग त्यांच्या लक्षात येतं. गीत संपतं आणि तिसऱ्या सेकंदाला गलका पूर्ववत.

आता त्बिलिसी. हे शहर सकाळी उठत नाही. दहाच्या आधी बाहेर पडलात तर बंद दारं, रस्त्यावरची लठ्ठ कुत्री (त्यांच्या कानाला पालिकेचा बिल्ला असतो, म्हणजे लस टोचलेली) आणि फुटपाथ झाडणाऱ्या बायका. उघडा असतो तो तळघरातला पाववाला. त्याची खिडकी आपल्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, वाकूनच बोलावं लागतं. आत जमिनीतून वर आलेली मातीची गोल भट्टी, तिला तोने म्हणतात. तो लांबट कणकेचा गोळा एका फळीवर ताणतो आणि भट्टीच्या तोंडातून कंबरेपर्यंत आत वाकून तिच्या भिंतीवर थापतो. क्षणभर त्याचे पाय जमिनीवरून सुटल्यासारखे वाटतात. बाहेर येतो तो पाव होडीच्या आकाराचा, दोन्ही टोकं टोकदार आणि करपट. टोक घरी पोचेपर्यंत शिल्लक राहत नाही.

मी राहत होते साबुर्तालो भागात, सोव्हिएत काळातल्या एका उंच इमारतीत. त्या इमारतीची लिफ्ट फुकट चालत नसे. आत बटणांच्या शेजारी एक पत्र्याची पेटी, तिच्या फटीत वीस तेत्रीचं नाणं टाकायचं, मग दिवा लागतो, मग मजला दाबायचा. त्बिलिसीतल्या जुन्या इमारतींत हे सर्रास दिसतं. लिफ्टची देखभाल त्यातून निघते. उतरताना पैसे पडत नसत, चढतानाच. तेत्री म्हणजे लारीचा शंभरावा भाग, म्हणजे रक्कम अगदीच चिल्लर. पण ती चिल्लर जवळ असणं महत्त्वाचं. हातात कलिंगड आणि खिशात नाणं नाही, अशा अवस्थेत मी खाली उभी होते, तेव्हा सातव्या मजल्यावरच्या आजींनी माझं नाणं भरलं. दुसऱ्या दिवशी ते परत द्यायला गेले तर त्यांनी मला आत ओढून बसवलं. अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी पुढे आली, चीज आलं, मग शेजारीण आली, मग शेजारणीचा भाचा, ज्याला थोडं इंग्रजी येत होतं, आणि मग घरची वाइन. वीस तेत्री परत करायला गेलेली मी घरी आले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती.

हे शक्य झालं ते काम आठाला संपलं होतं म्हणून. चियांग माईत मी त्याच आजींना रात्री अकरानंतर भेटायला गेले असते तर त्यांनी दार उघडलं नसतं, आणि बरोबरच होतं ते.

जूनमध्ये त्बिलिसीत पावणेनऊपर्यंत उजेड असतो. आवारात म्हातारे नार्दीचे फासे टाकत बसतात, हरणारा मोठ्यानं ओरडतो. पोरं खेळत असतात, वरच्या गॅलरीतून आया हाका मारत असतात. जुन्या भागात, सोलोलाकीत, ही घरं एका सामाईक अंगणाभोवती असतात, लाकडी गॅलऱ्या आणि बाहेरून जाणारे वाकडेतिकडे जिने. तिथे खासगी असं काही नसतंच. कुणाकडे पाहुणा आला, कुणाचा गॅस संपला, कुणाची सून रुसली, सगळं अंगणाच्या मालकीचं.

आणि जेवण. सुप्रा म्हणजे मेजवानी, तिचा एक तामादा असतो, तो उठून बोलल्याशिवाय कुणी प्याला तोंडाला लावायचा नाही. तो आधी देवाचं, मग शांततेचं, मग गेलेल्या माणसांचं, मग मुलांचं, असं एकेका गोष्टीचं नाव घेत जातो, आणि प्रत्येक वेळी चार वाक्यं बोलतो. चार म्हणजे कधी चाळीसही. मी वाइन बेताची पिते, त्याला कुणाची हरकत नव्हती; बोलणं टाळायला मात्र हरकत होती. माझी पाळी आली की उभं राहून काहीतरी बोलावंच लागायचं. लाजाळू माणसाला हे शहर जड जाईल. जमिनीत पुरलेल्या मातीच्या रांजणांत, क्वेव्रीत, वाइन मुरवण्याची इथली पद्धत युनेस्कोनं २०१३ मध्ये वारसा म्हणून नोंदवली. पण ऑफिसातून दमून आलेला माणूस आपल्या मेलेल्या आजोबांबद्दल उभा राहून पाच मिनिटं बोलतो, मला तर त्याचं जास्त नवल वाटतं.

शाकाहाऱ्यासाठी त्बिलिसी अनपेक्षितपणे सोपं आहे. ऑर्थोडॉक्स चर्चचे उपवास बरेच आणि लांब, त्या काळात मांस, दूध, अंडी सगळंच वर्ज्य. त्यामुळे हॉटेलात ‘सामार्खवो’ म्हणजे उपासाचं काय आहे, एवढं विचारलं की राजम्याचा लोबियो, बटाटा किंवा मशरूम भरलेली खिंकाली, अक्रोडातला पालक असं बरंच समोर येतं. खिंकाली वरच्या देठाला धरून खायची, आतला रस सांडू द्यायचा नाही आणि देठ ताटलीत टाकून द्यायचा. शेवटी कुणी किती खाल्ल्या हे देठ मोजून कळतं.

मध्येच एक गोष्ट सांगायची राहील म्हणून सांगते. ही दोन्ही शहरं अठराव्या शतकाच्या शेवटी जवळजवळ मेली होती. बर्मी युद्धांनंतर चियांग माई ओस पडलं, काही वर्षं तिथे जंगलच माजलं होतं म्हणतात. १७९६ मध्ये काविला नावाच्या राजानं ते पुन्हा वसवलं, शेजारच्या मुलखांतून माणसं धरून आणून. त्याच्या आदल्याच वर्षी, १७९५ मध्ये, इराणच्या आगा मोहम्मद खानानं त्बिलिसी लुटून जाळलं होतं. एक शहर जळत असताना दुसरं भरत होतं. बाहेरून माणसं येणं, शहराचा चेहरा बदलणं, हे दोन्हीकडे नवीन नाही. आपण लॅपटॉपवाले स्वतःला फार वेगळे समजतो एवढंच.

कारण ‘स्वस्त’ कुणाला, हा प्रश्न दोन्हीकडे आहेच. चियांग माई शहरात २०२५ पासून किमान मजुरी दिवसाला ३८० बाट आहे. निम्मानमधली एक चांगली कॉफी शंभर बाटला पडते. म्हणजे मी सकाळी टेबल अडवून जे पिते, ते कुणाच्यातरी पाव दिवसाच्या घामाइतकं. जॉर्जियात तर खासगी नोकरीतली कायदेशीर किमान मजुरी महिन्याला वीस लारी आहे. १९९९ पासून तो आकडा कुणी हलवलेलाच नाही, त्यामुळे त्याला अर्थच उरलेला नाही. सरासरी पगार दोन हजार लारीच्या आसपास. आणि घरभाडी? ती जाहिरातींत डॉलरमध्येच लिहिलेली असतात. २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि त्यानंतर हजारो रशियन माणसं त्बिलिसीत आली. कुणी युद्धाविरुद्ध होते म्हणून, कुणी सप्टेंबरातली सैन्यभरती चुकवायला. त्यांतले पुष्कळ जण माझ्यासारखेच, लॅपटॉपवर कमावणारे. भाडी भराभर चढली, विद्यार्थ्यांना खोल्या सोडाव्या लागल्या. भिंतींवर अजूनही रशियनांना परत जा म्हणणारी वाक्यं रंगवलेली दिसतात. ती मला उद्देशून नाहीत हे खरं. पण घरमालकीण मला घर देते ते याच वरच्या भावात, आणि तिच्या भाचीला त्या भावात परवडत नाही, हेही खरं. शेजारणीच्या त्याच भाच्यानं मला सरळ विचारलं होतं: “तुमच्या देशात राहून काम होत नाही का?” मी म्हटलं, होतं. तो म्हणाला, “मग?” माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि त्यालाही ते फारसं नको होतं. त्यानं प्याला भरला.

हवेचं बोलायलाच हवं, कारण चियांग माईची सकाळ वर्षभर सारखी नसते. फेब्रुवारी ते एप्रिल ती मिळतच नाही. मक्याची खुंटं आणि डोंगरावरचा पाचोळा जाळतात, जंगलातल्या आगी पेटतात, म्यानमार आणि लाओसकडून धूर येतो, आणि शहर खोऱ्यात असल्यानं तो तिथेच बसून राहतो. सूक्ष्म धूलिकणांची जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलेली मर्यादा चोवीस तासांच्या सरासरीला घनमीटरमागे १५ मायक्रोग्रॅम आहे. मार्चमध्ये आकडा शंभरावर जाणं नेहमीचं. डोई सुथेप, जो एरवी खिडकीत उभा असतो, तो दिवसच्या दिवस गायब होतो. घसा खवखवतो, डोळे चुरचुरतात, हवा शुद्ध करणारं यंत्र रात्रंदिवस घरघरत राहतं. ज्यांना शक्य ते दक्षिणेकडे समुद्रकाठी पळतात. भाजीवाली कुठे पळणार? ती मास्क लावून बसते. २०२३ मध्ये तिथल्या रहिवाशांनी या धुरावरून सरकारला कोर्टात खेचलं. मी एप्रिलच्या आधी निघून जाते, आणि ‘बदलत्या ऋतूनुसार शहर बदलते’ असं लोकांना सांगते, ऐकायला ते चांगलं वाटतं म्हणून.

त्बिलिसीचा हिवाळा उलट घराबाहेर बरा आणि घरात वाईट. पारा शून्याच्या आसपास, बर्फ क्वचित. पण जुन्या घरांच्या खिडक्या गळक्या, आणि ऊब गॅसच्या भिंतीवरच्या शेगडीची. तिचा धूर बाहेर नीट जातो की नाही हे घर घेतानाच तपासून घ्यावं. कार्बन मोनॉक्साइडनं माणसं दगावल्याच्या बातम्या तिथे दर हिवाळ्यात असतात. शिवाय रुस्तावेली रस्ता. युरोपीय संघात जाण्याची बोलणी २०२८ पर्यंत थांबवत असल्याचं सरकारनं २८ नोव्हेंबर २०२४ ला जाहीर केलं, त्या रात्रीपासून संसदेसमोर लोक जमू लागले आणि महिनोन् महिने जमत राहिले. माझ्या संध्याकाळचा रस्ता तोच. परदेशी माणसानं त्यात पडू नये हे कळतं, पण शेजारणीचा तो भाचा तिथे उभा असताना आपण कडेनं खरेदीच्या पिशव्या घेऊन जाणं जड जातं. संध्याकाळी शहर मिळतं तेव्हा त्याचे राग-लोभही मिळतात. सकाळच्या शहरानं मला असलं काही कधी मागितलं नाही.

कागदपत्रांचं आटोपशीर सांगते, कारण नियम सारखे बदलतात आणि दूतावासाचं पान वाचण्याला पर्याय नाही. थायलंडनं जुलै २०२४ मध्ये डीटीव्ही नावाचा व्हिसा आणला, आमच्यासारख्यांसाठीच: पाच वर्षांचा, एका वेळी १८० दिवस राहता येतं, शुल्क साधारण दहा हजार बाट आणि खात्यात पाच लाख बाट दाखवावे लागतात. वर्षात १८० दिवस किंवा त्याहून अधिक राहिलात तर करासाठी तुम्ही तिथले रहिवासी, आणि २०२४ पासून बाहेरची कमाई थायलंडमध्ये आणली तर तिच्यावर कर लागू होऊ शकतो. तिथे वीजबिलाकडेही लक्ष द्या. सरकारी दर युनिटमागे चार बाटच्या आसपास असताना काही इमारती भाडेकरूकडून सात-आठ बाट घेतात. जॉर्जिया पुष्कळ देशांच्या नागरिकांना वर्षभर व्हिसाशिवाय राहू देतो. त्या यादीत भारत नाही. त्या एका वर्षाच्या गोडव्यांनी भरलेले सगळे लेख आपल्या कामाचे नाहीत. आपल्याला ई-व्हिसा काढावा लागतो, किंवा अमेरिका, शेंगेन वगैरेचा चालू व्हिसा असेल तर त्यावर प्रवेश मिळू शकतो. सीमेवर परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग, विमा हे छापून हातात ठेवा. लहान व्यावसायिक म्हणून नोंदणी केली तर पाच लाख लारींच्या उलाढालीपर्यंत एक टक्का कर, ही तिथली प्रसिद्ध सवलत. पण २०२६ पासून परदेशी माणसाच्या कामावर परवान्याची अट आली आहे, तेव्हा तिथल्या हिशेबनिसाला विचारल्याशिवाय त्या एका टक्क्यावर मनोरे बांधू नका.

हे सगळं मी युरोपच्या घड्याळावरून सांगते आहे, हे विसरू नका. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यासाठी काम करणाऱ्याला उन्हाळ्यात त्बिलिसीत संध्याकाळी पाच ते रात्री एक बसावं लागतं, म्हणजे माझी आवडती संध्याकाळ त्याच्या वाट्याला नाही. चियांग माईत तर रात्री आठ ते पहाटे चार. त्याला भिक्खू दिसतील, पण झोपायला जाताना.

चियांग माईत माझ्याच गल्लीत एक मुलगी राहायची, सिडनीच्या कंपनीत डिझाइनर. तिचं काम पहाटे पाच-सहाला सुरू आणि दुपारी एक-दोनला संपलेलं. मी लॅपटॉप उघडायचे तेव्हा ती बंद करायची. तिचं चियांग माई म्हणजे रात्रीचे बाजार, पिंग नदीच्या काठावरचं गाणं-बजावणं, थाई मित्रमैत्रिणींचा घोळका, बारा वाजेपर्यंत चाललेलं जेवण. बारा वाजता जेवून ती पाचला कशी उठायची हा तिचा प्रश्न. शहर चांगलं आहे पण माणसं जवळ येत नाहीत, असं मी म्हटलं तर तिला ते पटेचना. भिक्खूंची रांग तिनं एकदाही पाहिलेली नव्हती. सहाला ती बैठकीत असायची. आम्ही दोघी एकाच चौकातून जात होतो आणि दोघींच्या चौकात वेगळी माणसं होती.

मार्च तोंडावर आला, धूर दिसायला लागला, तेव्हा मी तिला म्हटलं, चल की त्बिलिसीला. तिनं बोटांवर हिशेब केला. सिडनीचे नऊ म्हणजे तिथले पहाटेचे दोन किंवा तीन.

“तुझा तो पाववाला तरी उठलेला असेल का गं तेव्हा?”

नाही म्हटलं. तो सहाला येतो.